अनवाणी गच्ची

भिंतीच्या आतून जाणारी तार आणि भिंतीबाहेरून जाणारी तार एकाच गुंडाळीतून कापलेल्या असल्या, तरी दोघींची आयुष्ये सारखी होत नाहीत. आतलीला सावली मिळते, बाहेरची उन्हात उभी राहते. जालना जिल्ह्यातले वैशाखाचे ऊन ज्यांनी नैर्ऋत्येच्या भिंतीवर हात ठेवून पाहिले आहे, त्यांना यापुढचे सांगावे लागणार नाही. तारेवरचे आवरण आधी चमक सोडते, मग रंग सोडते आणि अखेरीस मऊपणा सोडते. लाल तार फिकट गुलाबी होते, काळी राखाडी होते आणि पुढे कधीतरी दोघी एकाच पांढुरक्या रंगाला येतात. बोट फिरवले की पिठासारखी पूड बोटाला लागते. अशी तार वाकवली तर वाळलेल्या शेंगेसारखी बारीक तडतडते. हा आवाज मी इतक्या भिंतींवर ऐकला आहे, की आता अंगणात उभी राहूनच कोणती तार किती थकली आहे ते मला समजते.

मी तारतंत्री, म्हणजे वायरमनचे काम करणारी, आहे. मराठी घेऊन पदवीधर झाले तेव्हा वृत्तांची लक्षणे मला पाठ होती आणि त्यांचे पुढे काय करायचे हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. आयटीआयमध्ये तारतंत्री शाखेत मुलींसाठीची एक जागा रिकामी होती. ती रिकामी राहू नये म्हणून मी गेले, असे घरचे आजही चेष्टेने सांगतात. पहिल्या दिवशी आमच्या सरांनी माझे गुणपत्रक पाहिले आणि विचारले, “कविता लिहिता का? मंग पक्कड कोण धरणार?” मी पक्कड धरली. लघु-गुरू मोजणारे बोट दोन क्लॅम्पांमधले अंतर मोजू लागले, एवढाच काय तो फरक पडला. पुढे जाफराबादपासून परतूरपर्यंत किती गच्च्या चढले, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

बाहेरच्या तारेचे काम म्हणजे नेमके काय, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवे. वीज लोक समजतात तितकी उतावळी नसते, उतावळे असते पाणी. तारेवर पडलेला थेंब तारेचाच हात धरून चालू लागतो आणि तार जिथे भिंतीत शिरते तिथे तोही शिरतो. म्हणून शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्यायचा आणि मग तिला वर चढवून आत न्यायची. थेंब झोळाच्या तळाशी येतो, घुटमळतो आणि गळून पडतो. चढण त्याला जमत नाही. ओळ जिथे श्वासासाठी थांबते, त्या जागेला छंदशास्त्रात यती म्हणतात. तारेचा झोळ हा माझ्या लेखी यतीच आहे. तो नसला तर ओळ पुढे जाते, पण बिघडून जाते. लोक मात्र पाणी अडवायला जोडावर प्लास्टिकची पिशवी करकचून बांधतात. पाणी तरीही शिरते, आणि मग पिशवी त्याला बाहेर पडू देत नाही. मी बाहेरची डबी बसवते तेव्हा तिच्या तळाशी मुद्दाम बारीकसे भोक ठेवते. आत आलेल्याला बाहेर जायची वाट हवी.

परतूरला एक वृद्ध शिंपी होते, सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे. मुलीच्या लग्नासाठी घराला हिरवा रंग दिला, त्याच हाताने त्यांनी बाहेरच्या तारांनाही हिरवा रंग फासला होता. मी शिडीवरून विचारले, “चाचा, हे काय केलंत?”

“बेटी, दीवार नई और तार पुराना, अच्छा दिखता क्या?”

“पण रंगाखाली भेगा दिसेनात ना.”

“कपड़े का भी वोइच है. रफू छुपा तो गिऱ्हाईक खुश.”

“गिऱ्हाईक खूश चाचा, पण कापड?”

ते खळखळून हसले, चष्मा कपाळावर सरकवून शिडीशी आले आणि मी आधीच बंद केलेल्या तारेवर नख ओढून पाहिले. रंगासकट आवरणाचा कपचा निघाला. आतले तांबे चमकले. चाचांचे हसू विरले. “अस्तर ही सड़ गया है,” ते म्हणाले, “बदल डालो.” कापडाच्या माणसाला कापडातून सांगितले की लगेच कळते.

आता मी ज्या घरासाठी हा लेख लिहायला बसले, त्याकडे येते. त्याआधी एक गोष्ट सांगते. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की पायातली चप्पल काढायची नाही. रबराचा तो पातळ तुकडा माणूस आणि जमीन यांच्यामध्ये असतो, म्हणून पुष्कळजण संध्याकाळी घरी परततात. आणि आपल्याकडच्या घरांचा पहिला नियम असा, की चप्पल बाहेर काढल्याशिवाय आत यायचे नाही. उन्हाळ्यात हा नियम गच्चीपर्यंत चढतो, कारण गच्चीवर वाळवण असते. पापड, कुरडया, शेवया, वर्षभराचे अन्न तिथे धुतल्या साडीवर पसरलेले असते. माझे पुरुष सहकारी या दोन नियमांच्या भांडणात एक तर बुटांसकट घुसतात, नाही तर उंबऱ्यावरूनच परततात. मी पिशवीत, स्वच्छ कापडात गुंडाळून, रबरी चपलांचा एक वेगळा जोड ठेवते. तो रस्त्यावर कधीही उतरलेला नाही.

त्या दिवशी मी तीर्थपुरीला एका घराच्या गच्चीवर कूलरची तार बदलत होते. सकाळचे ऊन अजून कोवळे होते. पलीकडच्या गच्चीवरून गव्हाच्या ताज्या चिकाचा आंबूस वास येत होता. कठड्यापलीकडे पांढऱ्या साडीवर कुरडयांच्या ओल्या चकत्या मांडलेल्या, आणि त्यांच्या पल्याड एक मुलगी कपडे वाळत घालत होती. मी तिच्याकडे पाहत राहिले ते तिच्या रीतीमुळे. ती ओले कपडे हाताने टाकत नव्हती. लाकडी काठीच्या टोकावर साडी घ्यायची, काठी उंच करून ती लोखंडी तारेवर लोटायची आणि तव्यावरून हात काढावा तसा हात मागे घ्यायचा. पायांत काही नव्हते. ओल्या पायांचे ठसे गच्चीभर उमटत होते आणि वाळत होते.

“काय गं, तारेला हात का लावत नाहीस?” मी कठड्याशी जाऊन विचारले.

ती दचकली. माझ्या हातातली पक्कड पाहिली. “तुम्ही लाइटच्या बाई का?”

“हो.”

“मंग एक विचारू? पन खाली सांगू नका.” तिने जिन्याकडे पाहिले. “लाइट फक्त एकाच मानसाला धरती का?”

तिचे नाव रेणुका. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. नवरा दत्ता तीर्थपुरीहून प्रवासी जीप चालवायचा, तो दिवसभर बाहेर. घरात ती आणि सासू कौसाबाई. कपडे वाळत घालताना तिच्या बोटांत, मग कोपरापर्यंत मुंग्या चढत. रोज नाही, अधूनमधून. तिने सांगितले तेव्हा एक वायरमन बोलावला गेला. त्याला त्या तारेत काहीच सापडले नाही. मग जालन्याला दवाखाना झाला, नसांच्या गोळ्या झाल्या, डिंकाचे लाडू झाले. मुंग्या येतच राहिल्या. अखेर घरात ठरले, की पोरीला काहीतरी आजार आहे आणि तो माहेरूनच आलेला आहे.

“दुपारी माझा भाऊ न्यायला यून राह्यला,” ती म्हणाली. “पिशवी भरून ठेवलीय. आत्याबाई म्हनल्या, बरी झाली की ये. पन मला काय झालंय तेच म्हाईत न्हाई, मंग बरी कशी व्हणार?” मग ती म्हणाली, “आता तर मला बी वाटून राह्यलं, मला भास होतात.”

बऱ्या होण्यासाठी माहेरी पाठवलेल्या मुली किती परत येतात, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी हातातले काम तसेच ठेवले, खाली उतरले आणि शेजारच्या दाराशी गेले.

कौसाबाई ओसरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. अंगाने भारी, आवाजाने त्याहून. मी ओळख सांगितली आणि म्हटले, तुमच्या गच्चीवरची तार एकदा पाहते.

“पाहून झाली,” त्या म्हणाल्या. “बूटवाला आल्ता. काही न्हाई निघालं.”

“त्यानं कुठून पाहिली?”

“कुठून म्हंजे? जिन्याच्या दारातून. बूट काढ म्हनलं तर काढंना. मी म्हनलं, आमच्यात गच्चीवर चप्पल न्हाई जात, वर अन्न हाय. मंग तितूनच तारेचं टोक पाह्यलं त्यानं. म्हनला, वहिनीला भास होत असंल.”

त्याची चूक होती, असे मी म्हणणार नाही. बूट न काढणे हे त्याच्या शिक्षणाला धरूनच होते आणि त्याला अडवणे हे कौसाबाईंच्या. मी पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली आणि माझा जोड त्यांच्यापुढे ठेवला. “ही चप्पल रस्त्यावर कधी गेलेली नाही.”

त्यांनी एक चप्पल उलटी केली, तळव्यावर अंगठा घासला, अंगठा निरखून पाहिला. “बाई,” त्या म्हणाल्या, “ही तर माझ्या पोळपाटाहून साफ हाय.” मग जरा नरमल्या. “जा. पन जल्दी या. पोरीचा भाऊ येईल, त्याला ह्या भानगडी नका दाखवू.”

“तुम्ही येता का वर?”

“गुडघे कुठं चढू देतात? मी न्हाई जात वर. तीच जाती.”

गच्चीच्या कठड्यावर एक लोखंडी पाइप उभा होता आणि त्याच्या टोकाला दिवा. खालच्या बोर्डापासून भिंतीबाहेरून आलेली तार कमरेच्या उंचीवर एका भोकातून पाइपात शिरत होती. भोकाची कड पात्यासारखी धारदार होती. तिथे रबराची वाटी बसवायची असते, ती नव्हती. तार दक्षिणेच्या उन्हात भाजून पांढरी पडलेली. आणि या पाइपालाच कपड्यांची तार बांधलेली होती. ही चूक आपल्याकडे घरोघर आहे. उंच, मजबूत, फुकट उभा असलेला पाइप कुणाला मोह पाडणार नाही? रेणुकाने टाकलेले कपडे मी बाजूला काढायला सांगितले, तिने ते काठीनेच काढले. मग मी रिकाम्या तारेला टेस्टर लावला.

टेस्टर अंधारा राहिला.

पाइपाला लावला. अंधारा.

खालून हाक आली, “काय निघालं का?”

“अजून नाही.”

“न्हाईच निघणार!”

रेणुकाने नजर टेस्टरवरून काढून कुरडयांवर ठेवली. एका मुलीचे खरे-खोटे त्या वीतभर टेस्टरच्या काचेतल्या उजेडावर टांगले गेले होते आणि उजेड येत नव्हता. मी तिला विचारले, “तुला मुंग्या येतात तेव्हा तार अशीच असते का? रिकामी?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “रिकाम्या तारेला मी हात कशाला लावीन, बाई?”

काही उत्तरे इतकी साधी असतात, की प्रश्न विचारणाऱ्यालाच आपल्या प्रश्नाची लाज वाटावी. तार कुणीच कपड्यांसह पाहिली नव्हती. मी म्हटले, “ती ओली गोधडी टाक. काठीनंच टाक, आणि टाकून मागे हो.”

बादलीतली गोधडी निथळत वर गेली, तारेवर आदळली, आणि तार ताणली गेली. त्याच क्षणी पाइपाच्या बुडाशी ‘कर्र’ असा आवाज झाला. खालचा क्लॅम्प गंजून ढिला झाला होता. ओझ्याने पाइप बोटभर झुकला आणि भोकाची धारदार कड त्या भेगाळलेल्या तारेवर टेकली. मी टेस्टर पुढे केला.

काचेत डाळिंबाच्या दाण्याएवढा केशरी उजेड उमटला.

“बघू द्या,” रेणुका म्हणाली. “नीट बघू द्या.”

तिने तो दाणा बराच वेळ पाहिला. मी टेस्टर काढला तसा तो विझला, लावला तसा पेटला. “म्हंजे हे माझ्यात न्हाई,” ती हलकेच म्हणाली, “तारेतच व्हतं.” मग तिने दोन्ही तळहात उघडून त्यांच्याकडे असे पाहिले, जणू ते कुणी नेऊन पुन्हा आणून दिले होते.

मी तिला घेऊन खाली आले, आधी मेन स्विच पाडला आणि मग कौसाबाईंना सांगितले. सांगताना रेणुका माझ्या शेजारी उभी राहिली. तिने तशी विनंतीच केली होती, “माझ्यासमोर सांगा.”

कौसाबाईंनी ऐकून घेतले. “पन बाई, दिवा तर दिवसा बंद असतो. मंग लाइट कुठून आली?”

प्रश्न चोख होता. एक तार वीज आणते, तिला फेज म्हणतात, दुसरी ती परत नेते. बटण आणणाऱ्या तारेवर असायला हवे. ऊन खाऊन दोन्ही तारांचा रंग एकच झाला होता आणि मागे कुणीतरी दुरुस्ती करताना अंदाजाने जोडले होते, बटण परत नेणाऱ्या तारेवर. बटण पाडले की दिवा विझे, पण वीज पाइपापर्यंत येऊन चोवीस तास उभी राही. “चोर दाराशीच उभा होता,” मी म्हटले, “आपण फक्त कंदील विझवत होतो.”

“आन मी?” कौसाबाईंनी विचारले. “मला कसं न्हाई धरलं कधी?”

मी काही बोलण्याआधीच त्यांचे त्यांना उमगले असावे. त्या आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागल्या.

“मुंग्या ही विजेची सभ्यता आहे,” मी एवढेच म्हणाले. “आवरण अजून थोडं धरून होतं. ते सुटलं असतं, तर तिला हात मागे घेताच आला नसता.”

कौसाबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले आणि नवी तार घालायला सांगितले.

मग काम झाले. जुनी तार सगळी उतरवली, ती हातातच तडकत होती. नवी, ऊन सोसणारी काळी केबल भिंतीवर सरळ रेषेत क्लॅम्पांनी बसवली, कठड्यावर जिथे हात पोचतो तिथे ती नळीत घातली. भोकाची कड कानशीने घासून रबराची वाटी बसवली. शिरण्याआधी झोळ दिला. पाइपाचे बूड पक्के केले आणि त्याला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार दिली. बटण फेजवर आणले. खालच्या बोर्डात, गळती होताच पुरवठा तोडणारा छोटा स्विच लावला. आणि कपड्यांसाठी नायलॉनची दोरी, जिन्याच्या खोलीच्या भिंतीपासून टाकीच्या ओट्यापर्यंत, पाइपाला न शिवता. तांबे, रबर, नायलॉन, एवढेच सामान. त्यातून एक घर राहण्याजोगे होते याचे मला आजही नवल वाटते. खंत एकच आहे. अशा किती गच्च्यांवर टेस्टर न पेटल्याचा निकाल तारेवर न लागता बाईवर लागला असेल, ते मला कधीच कळणार नाही.

दुपारी भाऊ आला. चेहरा आधीच पडलेला, दारातूनच त्याने विचारले, “पिशवी कुठंय?”

कौसाबाई उठल्या. “पावनं, बसा. पानी घ्या. न्यायचं काही काम राह्यलं न्हाई. पोरगी ठणठणीत हाय.”

मला वाटले, गोष्ट इथे संपली. पण रेणुकाने आतून पिशवी आणली. “मी जाती आत्याबाई,” ती म्हणाली.

“आता कशाला?”

“आजारी म्हनून न्हाई. पाव्हनी म्हनून. चार दिवस आईकडं राह्यती आन येती.” तिचा आवाज मऊ होता, पण त्यात आता ती भीतीची काठी नव्हती, काही लांबून लोटायचे नव्हते. “वरच्या कुरडया तेवढ्या उलटायच्या राह्यल्यात.”

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिले. मग कौसाबाईंनी कपाटातून डिंकाच्या लाडवांचा डबा आणून पिशवीत कोंबला. “आईला दे,” त्या म्हणाल्या. “औषध म्हनून न्हाई. खायला.”

रेणुका आणि तिचा भाऊ निघून गेले. मी सामान आवरत होते. कौसाबाई जिन्याच्या पायथ्याशी भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. तिथे माझा स्वच्छ जोड पडला होता. त्यांनी तो न विचारता पायांत घातला आणि एकेक पायरी, प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणत, त्या चढू लागल्या. मी मागे गेले.

गच्चीवर ऊन पांढरे झाले होते. कुरडया कडांनी उचलल्या होत्या, त्यांचा आंबूस वास आता खरपूस झाला होता. कौसाबाईंनी आधी कुरडया पाहिल्या नाहीत. त्या थेट दोरीपाशी गेल्या. शंका असेल तिथे हाताची मागची बाजू आधी लावायची, असे मी कामाच्या वेळी बोलता बोलता म्हणाले होते. तशीच त्यांनी हाताची पाठ दोरीला टेकवली, डोळे मिटून. मग चप्पल काढून पाइपाला. तिथे त्या किती तरी वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आता न्हाई लागत,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“तिला लागत व्हतं.” त्यांनी हात खाली घेतला. “आन मी एक डाव बी वर आले न्हाई.”

मग पदर खोचून त्या साडीच्या कडेला बसल्या आणि एकेक कुरडई, मोडू नये अशा बेताने, उलटू लागल्या. मी माझा जोड परत मागितला नाही.